खिडकीतल्या कोयीची कुळकथा

लंडन, अ‍ॅमस्टरडॅम किंवा न्यूयॉर्क. थंडी ओसरत आली की या शहरांतल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांत एक देखावा हमखास दिसतो. काचेचा पेला, त्यात पाणी आणि पेल्याच्या तोंडावर तीन टूथपिकच्या आधाराने टेकवलेली अ‍ॅव्होकाडोची कोय. कोयीचं बूड पाण्यात, शेंडा हवेत. जवळ जाऊन पाहिलं तर पाणी किंचित तांबूस झालेलं असतं आणि कोयीवरची कागदासारखी पातळ साल सुटून त्यात तरंगत असते. कोय मधोमध उभी तडकलेली असते आणि त्या फटीतून एक जाडसर पांढरं मूळ पेल्याच्या तळाकडे निघालेलं असतं. कधी कधी महिना-दीड महिना काहीच घडत नाही. मग घरातलं कुणीतरी तो पेला मोरीत ओतून मोकळं होतं.

बाहेर पारा शून्याच्या आसपास, सूर्य दिसला तर दिसला, आणि आत मेक्सिकोतल्या डोंगरउतारावरचं झाड उगवण्याचा हा घाट. इथे या झाडाला फळ धरणार नाही, हे पेला मांडणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं. तरी मांडतात. शाळकरी मुलांचा उद्योग म्हणून याकडे बघायची रीत आहे. मला मात्र त्यात चांगली तीनशे वर्षांची परंपरा दिसते. त्या पेल्यापाशी दोन वेगळी घराणी एकत्र आली आहेत, एक कोयीचं आणि एक पेल्याचं. दोन्ही घराणी अठराव्या शतकात लंडनमध्ये एकाच माणसाच्या हाताखालून गेली, पण त्याने त्यांची सोयरीक जुळवली नाही. ती जुळायला पुढे दोन शतकं जावी लागली.

आधी कोयीचं बघू. अ‍ॅव्होकाडो हे तमालपत्र, दालचिनी आणि कापूर यांच्या कुळातलं झाड. मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यात, तेवाकान खोऱ्यातल्या कोश्काट्लान गुहेत सापडलेले त्याचे अवशेष नऊ-दहा हजार वर्षं मागे जातात. तिथल्या जुन्या थरांकडून नव्या थरांकडे यावं तशा कोया मोठ्या होत गेलेल्या दिसतात. म्हणजे चांगल्या फळाची कोय बाजूला काढून ठेवणारी नजर तेव्हापासून काम करत होती. एवढी मोठी कोय गिळून दूर नेऊन टाकणारा प्राणी आज त्या मुलखात नाही. १९८२ साली डॅनियल जान्झन आणि पॉल मार्टिन या दोन शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला की अशी मोठी फळं हत्तीसारख्या, आता नामशेष झालेल्या प्राण्यांसाठी घडली असावीत. तर्क आकर्षक आहे, पण तर्कच. ते प्राणी गेल्यावर कोय वाहून नेण्याचं काम माणसाने केलं, एवढं मात्र खरं.

हे काम सोपं नव्हतं. ज्वारी वाळवून कणगीत भरता येते आणि पुढच्या वर्षी पेरता येते. अ‍ॅव्होकाडोच्या कोयीचं तसं नाही. तिला विश्रांतीचा काळ नाही आणि ती वाळली की मेली. फळातून काढून उघड्यावर ठेवली तर काही आठवड्यांत तिची उगवण्याची ताकद संपते. आतली दोन जाड दळं कोंबाला महिनोन्‌महिने पोसतील एवढा शिधा बाळगून असतात, पण तो शिधा ओला राहिला तरच कामाचा. शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागत. त्यामुळे स्पॅनिश लोकांनी हे फळ खाल्लं, त्याची वर्णनं लिहिली (मार्टिन फर्नांडेझ दे एन्सिसो याच्या १५१९ च्या भूगोलात पहिलं छापील वर्णन मिळतं), पण झाड युरोपात पोचायला वेळ लागला. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्पेनमधल्या वनस्पतींवरच्या १५७६ च्या पुस्तकात वॅलेन्सियातल्या एका मठाच्या बागेतलं झाड नोंदवलं आहे. वॅलेन्सिया उबदार, समुद्राकाठचं. खऱ्या थंडीत हे झाड नेण्याची उठाठेव लंडनने केली.

हान्स स्लोन हा डॉक्टर १६८७ मध्ये जमैकाच्या गव्हर्नरचा वैद्य म्हणून तिकडे गेला. तिथल्या वनस्पतींची त्याची यादी १६९६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात अ‍ॅव्होकाडो आहे. याच स्लोनने पुढे चेल्सी भागातली जमीनजुमल्याची मालकी विकत घेतली आणि १७२२ मध्ये तिथली औषधी वनस्पतींची बाग वर्षाला ५ पौंड भाड्याने अपॉथेकरींच्या, म्हणजे औषधविक्रेत्यांच्या संघाला कायमची देऊन टाकली. त्याच सुमाराला त्या बागेवर फिलिप मिलर नावाचा मुख्य माळी नेमला गेला. मिलर जवळजवळ पन्नास वर्षं त्या जागेवर राहिला. त्याचा 'गार्डनर्स डिक्शनरी' हा जाडजूड कोश त्या काळातल्या बागवाल्यांचा धर्मग्रंथच होता. त्याच्या १७६८ च्या आठव्या आवृत्तीत अ‍ॅव्होकाडोला जे शास्त्रीय नाव मिळालं, पर्सिया अमेरिकाना, तेच आजही चालतं आणि त्यापुढे मिलरचं नाव लावलं जातं.

या कोशातली अ‍ॅव्होकाडोची नोंद वाचताना मला दर वेळी गंमत वाटते. मिलर सांगतो की इकडे हे झाड हौसेपोटीच जपलं जातं. त्याला फळ लागेल अशी फारशी आशा नाही, पण हिवाळाभर हिरवीगार, चकचकीत राहणारी त्याची पानं पाहता संग्रहात त्याला जागा द्यायला हवी. लागवड कोयीपासून. कोया जितक्या ताज्या मिळतील तितक्या बऱ्या, आणि वाळूत भरून आणलेल्या कोया कोरड्या आणलेल्यांपेक्षा चांगल्या रुजतात. मग हलक्या, कसदार मातीच्या कुंडीत त्या लावायच्या आणि कुंडी सालीच्या वाफ्यात पुरायची. आजच्या खिडकीतल्या हौसेची सगळी कलमं यात आली: फळाची आशा सोडा, पानांसाठी लावा, कोय वाळू देऊ नका, खालून ऊब द्या.

सालीचा वाफा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण थंड देशातल्या सगळ्या उष्ण बागकामाचा पाया तोच होता. कातडी कमावणारे लोक ओक झाडाची साल भरडून वापरत. काम झालं की तिचा ओला चोथा उरे. हा चोथा विटांच्या हौदात भरला की तो सावकाश आंबत जातो आणि कित्येक आठवडे मंद, एकसारखी ऊब देतो. शेणखताच्या वाफ्यासारखा तो एकदम तापत नाही की लगेच थंडही पडत नाही. ही युक्ती हॉलंडकडून इंग्लंडमध्ये आली आणि काचेच्या घरात तिच्यावर अननस पिकवण्यापर्यंत श्रीमंतांची मजल गेली. मिलरने १७२८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक टिपणच ठेवलं होतं, इंग्लंडमध्ये रुजणं अशक्य मानलेल्या परदेशी बिया कशा रुजवाव्यात याबद्दल. तेव्हा कोयीचं घराणं हे असं: जमैकातलं फळ, वाळूची पेटी, जहाज आणि कातडी कमावणाऱ्यांच्या सालीची ऊब.

पेल्याचं घराणं वेगळं, आणि तेही थंडीतलंच. स्टॉकहोमच्या मॉर्टेन ट्रीवाल्ड या यंत्रतज्ज्ञाने १७३० च्या सुमाराला भर हिवाळ्यात पाण्यावर कंद फुलवण्याचे प्रयोग केले आणि ते रॉयल सोसायटीला कळवले. काचेच्या भांड्यात पाणी, भांड्याच्या तोंडावर कंद, मुळं पाण्यात, आणि बाहेर बर्फ असताना घरात फुलं. लगेच, १७३१ मध्ये, याच विषयावरचं दुसरं टिपण सोसायटीच्या नियतकालिकात आलं. ट्युलिप, नार्सिसस वगैरेंचे कंद पाण्याच्या पेल्यांवर ठेवून हिवाळ्यात फुलवण्याचे प्रयोग. लेखक, चेल्सीच्या बागेतला माळी फिलिप मिलर.

म्हणजे एकाच बागेत, एकाच माणसाकडे, एका बाजूला पाण्याचे पेले आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅव्होकाडोच्या कोया. तरी त्याच्या कोशात कोय जाते ती मातीच्याच कुंडीत. ते बरोबरच होतं असं माझं मत. कंदाला गारवा मानवतो, किंबहुना लागतो. अ‍ॅव्होकाडोच्या कोयीला रुजायला वीस-पंचवीस अंश सेल्सिअसची सलग ऊब लागते, तीही कित्येक आठवडे. अठराव्या शतकातल्या लंडनच्या दिवाणखान्यात ऊब फक्त चुलाण्यासमोर. रात्री विस्तव मंदावला की खिडकीतलं पाणी बर्फाच्या वाटेला लागायचं. तिथे कोय कुजली असती. पेल्यात कोय ठेवायची तर आधी घराची सगळी हवाच बदलायला हवी होती.

कंदाचा पेला मात्र लोकप्रिय झाला. वरच्या बाजूला कंद बसेल एवढी वाटी, खाली आवळलेला गळा आणि पुन्हा पोट, अशी खास भांडी घडली. पुढे व्हिक्टोरियन घरांत ओक झाडाचं फळही अशाच छोट्या भांड्यावर रुजवून ठेवायचा छंद आला. थंड देशातल्या माणसाला खिडकीत मुळं वाढताना बघायची सवय लागली ती तेव्हा. एकोणिसाव्या शतकात नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने बंद काचपेटीत वनस्पती जगवण्याची युक्ती काढली, १८४२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि परदेशी झाडं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरली. पण अ‍ॅव्होकाडोचं फळ अजून बाजारात नव्हतं. फळ नाही तर कोय कुठली?

फळ बाजारात आणलं कॅलिफोर्नियाने, आणि तिथे कोयीचं घराणं एकदम वैभवाला चढलं. १८७१ मध्ये आर. बी. ऑर्ड याने मेक्सिकोतून आणलेली रोपं सांता बार्बरात लावली. नंतर जो तो कोया लावू लागला. प्रत्येक कोयीचं झाड निराळं निघे. कुणाचं फळ लिंबाएवढं, कुणाचं पपईच्या पिल्लाएवढं. एखादं तेलकट, चवदार, तर एखादं पाणचट आणि धागेदार. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, रायवळ येतो, आणि रायवळ काय निघेल ते पहिलं फळ हातात येईपर्यंत कुणी सांगू शकत नाही.

यामागचं कारण फुलात आहे. अ‍ॅव्होकाडोचं फूल दोनदा उमलतं. पहिल्या वेळी ते मादी असतं, मिटतं, आणि दुसऱ्यांदा उमलतं तेव्हा नर होऊन पराग सोडतं. काही जातींची फुलं सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, काहींची दुपारी मादी आणि दुसऱ्या सकाळी नर. म्हणजे शेजारच्या वेगळ्या झाडाचे पराग मिळण्याची सोय निसर्गानेच केलेली. कॅलिफोर्निया अ‍ॅव्होकाडो असोसिएशनच्या १९२१-२२ च्या वार्षिकात बी. एस. निरोडी (आडनाव मंगळूरकडच्या कानाला ओळखीचं) यांचा अ‍ॅव्होकाडोच्या संकराबद्दलचा अभ्यास आहे आणि न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या ए. बी. स्टाउट यांनी त्याच सुमाराला फुलांचा हा दुहेरी खेळ सविस्तर मांडला. तात्पर्य, कोय म्हणजे लॉटरीचं तिकीट.

धंदा करणाऱ्याला लॉटरी परवडत नाही. १९११ मध्ये आल्टाडेनाच्या वेस्ट इंडिया गार्डन्स या नर्सरीने कार्ल श्मिट या तरुणाला मेक्सिकोत पाठवलं. बाजारात चांगलं फळ शोधायचं, ते कुठल्या झाडाचं ते शोधून काढायचं आणि त्या झाडाच्या डोळ्याच्या काड्या पाठवायच्या. आत्लिश्कोतल्या एका बागेतल्या झाडाच्या काड्या अशा आल्या. जानेवारी १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात कडाक्याची थंडी पडली, बाकीची रोपं करपली, ही कलमं तगली. म्हणून त्या जातीला 'फुएर्ते' म्हणजे दणकट म्हणू लागले. बागायतदारांच्या मनातून कोय उतरली ती तेव्हापासून. तिचं काम खुंट पुरवण्यापुरतं उरलं. कोय रुजवायची, पेन्सिलीएवढा दांडा झाला की त्यावर फुएर्ते बांधायचं.

आणि मग रुडॉल्फ हास. हा पोस्टमन. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्स इथे त्याने थोडी जमीन घेतली आणि १९२० च्या दशकात ए. आर. राइडआउट या नर्सरीवाल्याकडून कोया आणल्या. त्याचाही बेत रूढच होता, रोपांवर फुएर्तेची कलमं बांधायचा. कलमं बांधायला कॉल्किन्स नावाचा जाणता माणूस बोलावला. एका रोपावर कलम काही केल्या लागेना. हास ते उपटणार होता, पण कॉल्किन्स म्हणाला, रोप जोमदार आहे, राहू दे. राहिलं. त्याला फळं आली ती काळपट, खरखरीत सालीची. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला हिरव्या, गुळगुळीत सालीचं फळ हवं असे. पण घरच्या पोरांना या फळाची चव जास्त आवडली, आणि हासने स्वतः चाखून पाहिल्यावर त्यालाही. १९३५ मध्ये त्याने या जातीचं पेटंट घेतलं. पेटंटातून आयुष्यभरात त्याला जेमतेम पाच हजार डॉलर मिळाले, कारण एकदा एक कलम विकत घेतलं की त्यावरून हजार बांधायला कुणाची आडकाठी नव्हती. तो पोस्टातली नोकरी करत राहिला आणि १९५२ मध्ये वारला.

आज जगात पिकणाऱ्या अ‍ॅव्होकाडोपैकी सुमारे ८० टक्के हास आहे. त्यातलं प्रत्येक झाड त्या एका रोपाचं कलम. बागायतदारांनी कोयीला निवृत्त केलं ते बरोबर, पण ज्या जातीसाठी निवृत्त केलं तीच मुळी, कलम न लागलेल्या एका कोयीतून आली होती. मूळ झाड २००२ मध्ये मुळं कुजून मेलं. हा मूळकुजीचा रोग, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसदृश जीवाने होणारा, पुढे खिडकीतल्या कुंडीतही भेटणार आहे. त्याच्याच धसक्याने बागायतदारांनी १९७० च्या दशकात रोगाला तोंड देणाऱ्या निवडक झाडांपासून खुंटही शाखीय पद्धतीने करायला घेतले. मोठ्या बागांमध्ये आता मुळंसुद्धा कोयीची असतीलच असं नाही.

मळ्यातून अशी हद्दपार होत चाललेली कोय जिथे झाडच तगत नाही तिथे मानाची ठरली. १९१४ पासून अमेरिकेने मेक्सिकोच्या ताज्या फळावर, कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने, बंदी घातलेली होती, ती १९९७ मध्ये सैल होऊ लागली. मधली ऐंशी-एक वर्षं पूर्वेकडच्या थंड शहरांत फळ येई ते मुख्यतः कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातून, थंड डब्यांतून. न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये फळ आलं, फळातून हाताला लागेल अशी घसघशीत कोय आली, आणि तोवर घरंही बदलली होती. तळघरातल्या बॉयलरमधून प्रत्येक खोलीत वाफेची ऊब. खिडकीखालीच रेडिएटर. मिलरला जी ऊब ओकच्या सालीतून मिळवावी लागली ती आता भाड्यात मिळत होती. दोन घराण्यांची सोयरीक जुळली ती या रेडिएटरवर.

टूथपिक कशाला? कंदाच्या भांड्याला वाटी असते, घरातल्या साध्या पेल्याला नसते. कोय घसरून बुडते आणि कुजते. म्हणून कमरेला तीन काड्या टोचायच्या. या काड्याही अमेरिकेच्याच घरगुती संपत्तीतल्या. चार्ल्स फॉर्स्टर या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात यंत्राने लाकडी टूथपिक काढायचा धंदा उभा केला आणि मेन राज्यातलं स्ट्राँग हे गाव त्यासाठी नावाजलं. त्यानंतर टूथपिक नाही असं स्वयंपाकघर तिकडे विरळा. जुगाड कुणा एकाच्या नावावर नाही, पण १९६५ पर्यंत तो इतका रुळला होता की हेझल पर्पर या बाईंनी घरात अ‍ॅव्होकाडोची कोय कशी वाढवावी, एवढ्याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते खपलं. १९६९ मध्ये रिचर्ड लँगरचं जेवणानंतरच्या बागकामाचं पुस्तक आलं, म्हणजे ताटातल्या बिया फेकू नका, लावा. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कात 'रेअर पिट अँड प्लँट काउन्सिल' नावाची कोयवेड्यांची मंडळी जमली. त्यांच्या वार्तापत्राचं नाव होतं 'द पिट्स'.

ब्रिटनमध्ये हेच थोडं उशिरा घडलं. १९६० च्या दशकात तिथल्या मोठ्या दुकानांनी अ‍ॅव्होकाडो विकायला घेतला, 'पेअर' म्हणून. मार्क्स अँड स्पेन्सरच्या आठवणींत असं सांगतात की एका गिऱ्हाइकाने तो खरा पेअर समजून शिजवला आणि कस्टर्डबरोबर वाढला, मग दुकानाला खायचं कसं याचे कागद वाटावे लागले. फळ कसं खायचं हे शिकता शिकताच लोक कोय पेल्यावर टेकवू लागले. १९७३ मध्ये कीथ मॉसमनचं 'द पिप बुक' आलं आणि ही हौस छापील झाली. तेव्हाचे ब्रिटिश लोक न्हाणीघरातले कमोडही अ‍ॅव्होकाडो रंगाचे घेत होते, तेव्हा खिडकीतली कोय त्या मानाने सुसंस्कृतच म्हणायची.

आता ही कोय थंड हवेत प्रत्यक्ष कशी वागते ते बघू, कारण इथे मिलरचं शहाणपण आणि टूथपिकवाल्यांची हौस यांची गाठ पडते. सर्वांत मोठी चूक मुहूर्ताची. लोक फळ खातात नाताळात आणि कोय लावतात तेव्हाच. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, स्टॉकहोमला सहा. कोय ऊब असेल तर रुजते, तिला उजेडाची पर्वा नसते, पण कोंब वर आला की उजेड लागतो. तो मिळाला नाही की कोंब नुसता लांबत जातो, काठीसारखा, शेंड्याला चार फिकट पानं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावली तर कोंब येतो एप्रिल-मेमध्ये, उन्हाच्या तोंडावर. दुसरी चूक जागेची. खिडकी उजेडाची असते, उबेची नसते. रात्री पडदा ओढला की काचेलगतची हवा बारा-तेरा अंशांवर येते. रुजेपर्यंत पेला किंवा कुंडी फ्रिजच्या वर किंवा गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवावी आणि कोंब दिसला की खिडकीत आणावी.

रोप वीतभर झालं की निम्म्यावर छाटायचं. नवख्याला हे जमत नाही. इतके आठवडे वाट पाहिलेला शेंडा कात्रीने उडवायचा म्हणजे काय! पण न छाटलेलं रोप फुटवा धरत नाही आणि वर्षभरात छताकडे झुकलेला दांडा होतो. छाटणीखालच्या पानांच्या बेचक्यांतून नवे डोळे फुटतात, आणि तांबूस, लोंबती कोवळी पानं येतात ती पाहण्यासारखी असतात. पुढचं दुखणं पाण्याचं. अ‍ॅव्होकाडोच्या मुळांना बारीक केसमुळं फार कमी, म्हणून त्यांना हवेशीर माती लागते. साचलेल्या पाण्यात ती गुदमरतात आणि हासच्या मूळ झाडाला झालेला तोच मूळकुजीचा आजार घरातही होतो. शिवाय हे झाड क्षाराला अतिशय नाजूक. लंडनसारख्या जड पाण्याच्या शहरात नळाचं पाणी देत राहिलं की पानांची टोकं तपकिरी होऊन करपतात, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, मग तो आणखी घालतो. पावसाचं पाणी साठवून द्यावं. परदेशात कढीपत्त्याचं झाड घरात जगवणाऱ्या मराठी मंडळींना हा धडा नवा नाही: नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी आखडतं ठेवायचं, खत बंद.

आणि फळ? अ‍ॅव्होकाडोची तीन कुळं आहेत. वेस्ट इंडियन कुळ उष्ण, सखल प्रदेशातलं, दहिवराला लगेच मरणारं. ग्वाटेमालन मध्यम. मेक्सिकन कुळ उंच डोंगरांवरचं. त्याची मोठी झाडं शून्याखाली पाच-सहा अंशही सोसतात, आणि त्याचं पान चुरडलं तर बडीशेपेसारखा वास येतो. २०१९ मधल्या जनुकीय अभ्यासात हास सुमारे ६१ टक्के मेक्सिकन आणि ३९ टक्के ग्वाटेमालन निघालं. म्हणजे दुकानातल्या हासच्या कोयीत थंडीचं थोडं बळ असतं, पण कोवळ्या रोपाला ते पुरत नाही. पहिलं कडक दहिवर त्याला पुरून उरतं. घरात फुलोरा येईपर्यंत बीजू झाड पाच ते पंधरा वर्षं घेणार, त्याला उंची आणि भरपूर ऊन लागणार, आणि फूल आलंच तर दोन पाळ्यांच्या त्या खेळामुळे परागीभवनाची अडचण. आपल्याकडे कोडगू आणि पळणीच्या डोंगरांत, कॉफीच्या मळ्यांत, अशीच कोयीची झाडं फळतात आणि त्यांची बटर फ्रूट म्हणून बंगळुरात मिल्कशेक होतात. तिथली हवाच तशी.

तेव्हा माझा कौल मिलरच्या बाजूने. थंड देशात फळ हवं असेल तर कोयीच्या नादाला लागू नये. मेक्सिकन कुळातलं कलमी रोप घ्यावं आणि त्याला काचघर द्यावं. पानं हवी असतील तर कोयीसारखी स्वस्त सोय नाही, पण ती पेल्यात नको. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत हलवताना मोडतात, आणि पाणी बदलायचं विसरलं की बूड सडतं. पेला मुलांना मूळ दाखवायला ठीक. झाड हवं असेल तर फळातून काढलेली कोय कोमट पाण्यात धुवा, वाळू न देता ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घाला आणि उबेत ठेवा. मूळ दिसलं की निचऱ्याच्या मातीत, वरचा तिसरा हिस्सा उघडा ठेवून, खोल कुंडीत लावा. सोटमूळ सरळ खाली जातं, त्याला उथळ कुंडी चालत नाही. मुहूर्त मार्चचा.